बेदाण्याच्या शेडवरची वडारी

खडी फोडायचं मशिन आमच्या भागात आलं तेव्हा माझा बाप अजून तरणाताठा होता. त्याआधी सगळी वस्ती दगडावर जगायची. आम्ही वडार. कवठे महांकाळच्या पूर्वेला माळावर आमची घरं, घरांच्या मागं खाण. मशिन आलं आणि कंत्राटदार वस्तीवर यायचा बंद झाला. बाप मात्र सवयीनं रोज खाणीवर जाऊन बसायचा. सुतकी, म्हणजे दगड फोडायचा मोठा हातोडा, मांडीवर आडवी घेऊन. त्या उन्हाळ्यात आमच्याकडं संध्याकाळची चूल बहुतेक पेटायचीच नाही. सकाळी आई मक्याच्या कण्या शिजवायची, रात्री पाणी पिऊन झोपायचं. लोक विचारतात, भूक कशी सोसली? खरं सांगायचं तर काही दिवसांनी भूक लागायचीच बंद झाली. पोटाला काही वाटायचंच नाही.

बापाच्या हातांचंही तसंच. इतकी वर्षं सुतकी मारून त्याच्या तळव्यांना काही कळत नव्हतं. उकळता चहा पितळेच्या पेल्यात तसाच धरून बसायचा. आई म्हणायची, "आवं, भाजंल." तो हाताकडं बघायचा, जणू दुसऱ्याचा हात आहे. मी पदवी घेतली त्या दिवशी सांगलीच्या कॉलेजच्या मांडवात माझं नाव पुकारलं, मी उठले, कागद घेतला, खाली आले. शेजारची मुलगी रडत होती. मी तिला रुमाल दिला. मला काही झालं नाही. मी वस्तीवरची पहिली पदवीधर, हे मी कुठंही उभी राहून सांगते. कुणाला बढाई वाटली तर वाटू दे. पण त्या दिवशी आनंद झाला होता का, ते मला सांगता येणार नाही.

आता पुन्हा बेदाण्याचा हंगाम सुरू झालाय. रस्त्याच्या दोन्ही अंगांना शेडवर हिरव्या जाळ्या चढल्यात. गाडीतून उतरलं की वास येतो. आंबट, गोड, वर तेलकट, आणि मधूनच काडेपेटीची काडी ओढल्यासारखा गंधकाचा. हा वास आला की माझ्या डोक्यात एकच हंगाम उघडतो. त्यानंतरही हंगाम आले नि गेले. ते आठवायला बसावं लागतं.

दगडाचं काम गेल्यावर आमच्या बायकांना ह्याच शेडनी जगवलं. द्राक्षं मांडवावरून उतरून येतात, औषधाच्या पाण्यातून काढतात, जाळीच्या रॅकवर पसरतात आणि वारा त्यांचं पाणी पिऊन टाकतो. आई सकाळी भाकरी बांधून जायची ती दिवस मावळल्यावर चिकट हातांनी परत यायची. माझी वह्या-पुस्तकं त्या चिकट हातांतून आली. म्हणून मला बेदाणा आवडतो की आवडत नाही, हे मी कधी तपासलंच नाही. पुढ्यात आला की खाते.

आमच्या घरात भाषा दोन होत्या. आई-बाप एकमेकांशी वडारीत बोलायचे. ती तेलुगूची लांबची बहीण लागते. आम्हा भावंडांशी मात्र ते मराठीत बोलायचे, तीही मोडकीतोडकी. आणि वडारी बोलायची ती दबक्या आवाजात. मला लहानपणी वाटायचं, ही भाषा हळूच बोलायचीच असते, जसं देवळात बोलतात. कारण नंतर कळलं. बाजारात दोन वडारणी आपल्या भाषेत बोलायला लागल्या की दुकानदार बाहेर मांडलेली टोपली आत ओढायचा. खाणीवर कंत्राटदार फीत धरून दगडाचा ढीग मोजायला लागला की बाप काकाला दोन शब्द पुटपुटायचा, या भावाच्या खाली उतरू नको. वर्षानुवर्षं असंच. लपवायला भाषा वापरता वापरता भाषाच लपून राहायला शिकली. आमच्या कपाळी तेच नको म्हणून आईनं आमच्याशी त्या भाषेत शब्द काढला नाही. सगळं कळायचं मला. बोलता एक वाक्य येत नव्हतं.

मी शिक्षिका झाले. पहिली-दुसरीचे वर्ग वस्तीवरच्या समाजमंदिरात भरायचे, तिथंच माझी नेमणूक झाली. एकदा साताऱ्यात प्रशिक्षण होतं. तिथल्या मॅडमनी पडद्यावर एक चित्रफीत दाखवली. इंग्लंडच्या बाजूला समुद्रात मॅन नावाचं बेट आहे. तिथली मूळ भाषा घराघरांतून गेली, आईच्या तोंडून ती शिकलेला शेवटचा माणूसही गेला. मग लोकांनी एक प्राथमिक शाळा काढली. गणित त्याच भाषेत, खेळ त्याच भाषेत, जेवणाच्या सुट्टीत भांडायचं तेही त्याच भाषेत. पोरांच्या तोंडून भाषा परत आली.

माझ्या शेजारी माण तालुक्यातले, दहिवडीचे एक गुरुजी बसले होते. ते माझ्याकडं झुकले. "आमच्या माणात असलं कवा झालं, आमाला पत्त्याच न्हाई की."

सगळी रांग हसली. मीही हसले असेन. पण त्या चित्रफितीतल्या एका गोष्टीनं मला धरून ठेवलं होतं. त्या पोरांच्या आई-बापांतल्या कितीतरी जणांना ती भाषा येत नव्हती. स्वतःला येत नाही तरी पोरांना त्या शाळेत घातलं होतं. हे चालतं, एवढंच मी साताऱ्याहून घेऊन आले.

वस्तीवर चांगली वडारी येणारी माणसं तेव्हा बोटांवर होती, आणि सगळी म्हातारी. पोरांच्या आया माझ्यासारख्या, भाषा कळायची पण बोलता न येणाऱ्या. ही माणसं आहेत तोवर पोरांच्या कानावर भाषा पडली तर पडली. मुख्याध्यापकांना विचारलं. ते म्हणाले, पुस्तक सरकारचंच ठेवा, समजवायची भाषा तुमची. मग मी आईला विचारलं. ती चाळणीनं पीठ चाळत होती.

"आई, वर्गात येऊन बसशील का? पोरांत. दिवसभर वडारीत बोलायचं, बास."

"मी काय शिकवू? मला सही येत न्हाई."

"शिकवायचं न्हाई. नुसतं बोलायचं."

"आगं, तुझ्यासंगं बोलले न्हाई, ते लोकांच्या पोरांसंगं बोलू व्हय?"

ती टोचून बोलली नव्हती. चाळणी हलवत, पाऊसपाण्याचं बोलावं तसं बोलली. दारात तिमामामा बसले होते, आईचे थोरले भाऊ. तेच म्हणाले, "बोल की गं. तोंडाला काय भाडं पडतंय व्हय?"

आई यायला लागली. मागून मामाही आले. उंबऱ्याच्या आत मराठी बोलायचं नाही, असा नियम मी केला. पोरांनी पहिल्याच आठवड्यात वाट काढली. मराठीत काही सांगायचं झालं की उठायचं, एक पाय उंबऱ्याबाहेर टाकायचा, सांगायचं, पाय आत घ्यायचा. ज्योती नावाची एक पोरगी तर जागा धरून ठेवल्यासारखी दारातच बसायला लागली. मामा तिला म्हणाले, "तू जकात नाक्यावर बसलीयास का गं?"

तरी पोरं शिकली. दिवाळीपर्यंत पाणी मागायची, गोष्ट पुढं सांगायची, वजाबाकीत हातचा कुठून घ्यायचा ते एकमेकांना दाखवायची, सगळं वडारीत. पण वर्गात आवाज नव्हता. इतकी पोरं बोलतायत आणि बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, वर्ग रिकामा आहे. आई आणि मामा जन्मभर जसे बोलत आले तसे दबक्या आवाजात बोलत होते, आणि पोरांनी भाषा घेतली ती त्या आवाजासकट. तीच पोरं मैदानावर मराठीत बोंबलायची. दारातून आत आली की कुजबुज. मला हे दिसत होतं आणि चूक कुठं आहे ते मला सापडत नव्हतं. कारण मलाही ती भाषा तशीच माहीत होती.

केंद्रप्रमुख तपासणीला आले. त्यांनी एका पोराला प्रश्न विचारला. पोरानं वडारीत बरोबर उत्तर दिलं, मी ते मराठीत करून सांगितलं. साहेबांना पोराचं ऐकूच आलं नव्हतं. ते वाकले, पोराच्या तोंडाजवळ कान नेला. पुन्हा नाहीच. मग सरळ उभे राहून हसत म्हणाले, "बाई, ही शाळा हाय का रात्रीच्या चोरीचा बेत चाललाय?"

साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी शेऱ्यात चांगलंच लिहिलं. पण आईनं पदर सारखा केला, उठली आणि भिंतीच्या कडेकडेनं बाहेर गेली. दुसऱ्या दिवशी वर्गात आली नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. मी विचारलं नाही. मला राग आला पाहिजे होता. मी हजेरी घेतली, फळ्यावर तारीख लिहिली.

आणि मग हंगाम लागला. वस्ती रिकामी व्हायला लागली. दरवर्षीचंच. शेडवर राहायला खोपटं असतात, बायका-माणसं पोराबाळांसकट तिकडं जातात. दुसरीकडची मजूर मंडळी येतात, बिहारची, कर्नाटकातली. आधीच्या साली मी अंगणवाडीतल्या पोरांना गंमत म्हणून वडारी शिकवायचा प्रयत्न केला होता, आईकडून एकेक शब्द उसना घेऊन. तीन महिने शेडवर काढून पोरं परतली ती हिंदी घेऊन. वडारीतला एक शब्द शिल्लक नव्हता. या खेपेला तसं झालं तर पुन्हा सुरुवात करायला वेळ नव्हता. मामांना धाप लागायला लागली होती. आई घरात बसली होती. आयांना म्हटलं, पोरं मागं ठेवा, मी सांभाळते. एकजण म्हणाली, "बाई, पोरगं इथं आन् मी तिथं, मग माझं हात चालत्यालं व्हय?"

म्हणून वर्ग शेडवर न्यायचा ठरलं. शेडमालकांना सगळे आप्पा म्हणायचे. ते खाटेवर बसून मोबाइलवर हवामान बघत होते. अवकाळीची भीती बाळगणाऱ्या माणसाचा चेहरा त्या दिवसांत तसाच असतो, मोबाइलवरनं उठला की आभाळाकडं.

"शाळा भरवा की," ते म्हणाले. "माझी हरकत न्हाई. फक्त मालाला पोरांचं हात लागाय नगोत. आन् म्हातारी येणार हाय का? मोकळी बसणार आसंल तर नगो. रॅक भरायला माणूस कमी हाय."

मी घरी येऊन आईला तेवढंच सांगितलं, की आप्पांना रॅक भरायला माणूस पाहिजे. शाळेचं काढलं नाही. ती दुसऱ्या दिवशी भाकरी बांधून निघाली.

ज्यांनी शेड आतून बघितली नाही त्यांच्यासाठी सांगते. लांबच लांब छप्पर, खाली लोखंडी सांगाडे, एकावर एक ताणलेल्या जाळ्या, डोक्याच्याही वर गेलेल्या. दोन सांगाड्यांच्या मधे माणूस आडवा होऊन चालेल एवढी बोळ. द्राक्षं पसरली की पलीकडचं काही दिसत नाही, नुसता हिरवा उजेड. ऊन जाळीतून गाळून आत येतं, ते अंगावर बसत नाही. गांधीलमाश्या फिरत असतात, कुणी त्यांना हाकलत नाही. एका टोकाला काही सांगाडे अजून भरायचे होते. तिथं पोतं टाकून मी वर्ग बसवला. शेजारच्या बोळीत आई माल पसरत होती. ती पोरांना दिसत नव्हती. तिचे हात फक्त दिसायचे, जाळीच्या वरनं येणारे.

पहिले काही दिवस ती नुसता माल पसरत राहिली. मी माझ्या तुटक्या वडारीत वर्ग रेटत होते. मग ज्योतीला तहान लागली. घागर आईच्या बाजूला. ज्योतीनं नेहमीसारखं कुजबुजत म्हटलं, "नीळ्ळू." पाणी. नेमका तेव्हाच ट्रॅक्टरचा ब्लोअर सुरू झाला होता. औषधाचं पाणी जाळ्यांवर फवारायचं यंत्र ते, बोलणं राहू दे, स्वतःचा विचार ऐकू येत नाही. आईला काही ऐकू गेलं नाही. ज्योतीनं पुन्हा म्हटलं, तसंच. पोरगी जाळीला तोंड लावून कुजबुजत होती आणि पलीकडं आई कान पुढं करून उभी होती. मी बोळीच्या तोंडाशी होते, मला दोघी दिसत होत्या. मी काही केलं नाही, नुसती बघत राहिले.

आईनं हातातला घड खाली ठेवला. आणि मी जन्मात ऐकला नव्हता तेवढ्या मोठ्या आवाजात ती वडारीत ओरडली. मराठीत सांगायचं तर असं, मोठ्यानं बोल गं, इथं कुणाला भ्यायचंय.

ब्लोअर चालवणाऱ्यानं ब्लोअर बंद केला. त्याला वाटलं, कुणाचा हात अडकला. सगळी शेड थांबली. आप्पा बोळीच्या तोंडाशी आले.

"मावशी, काय झालं? आन् हे कानडी हाय का तेलगू?"

आईनं त्यांच्याकडं बघितलं. हात चिकट होते म्हणून कोपरानं पदर मागं सारला.

"आमची हाय," ती म्हणाली.

"आमची म्हंजे?"

"वडारी."

आप्पा म्हणाले, "बरं. मग पाणी द्या पोरीला, लय वेळ झाला तिला." आणि ब्लोअर पुन्हा सुरू झाला.

एवढंच झालं. मला तेव्हा धडधडलं नाही, डोळे भरले नाहीत. मी पोरांना म्हटलं, चला, बेरीज घ्या. पण त्या दिवसानंतर ब्लोअर चालू असताना बोलायचं म्हणजे ओरडूनच बोलावं लागायचं, आणि एकदा ओरडलेली भाषा पुन्हा घशाखाली जात नाही हे मी बघितलं. पोरं एका बोळीतून दुसऱ्या बोळीत हाका मारायची. पाढे मोठ्यानं म्हणायची. आई रॅक भरता भरता मधेच चुकलेला पाढा दुरुस्त करायची. तिला पाढे येत नव्हते, पण ताल चुकला की तिला कळायचं, आणि ती ओरडायची, परत. तिमामामा खाटेवर बसून दगडाच्या जाती सांगायचे, कोणता फुटतो, कोणता चिरतो, कोणत्याला नुसतं शिव्या देऊन सोडायचं असतं. त्या शिव्याही पोरं शिकली. भाषा आहे, त्यात शिव्या असणारच.

बिहारच्या पोरांनी नीळ्ळू म्हणायला सुरुवात केली. आप्पा एकदा ज्योतीला म्हणाले, "ए नीळ्ळू, इकडं ये." ती म्हणाली, "माझं नाव ज्योती हाय." ते म्हणाले, "व्हय गं बाई, चुकलं." आणि पोरांच्या आया, ज्यांना माझ्यासारखंच बोलता येत नव्हतं, त्या जाळीच्या पलीकडून अडखळत उत्तरं द्यायला लागल्या. चुकत. पोरं हसायची. आयांना पोरांनी हसायचं आणि आयांनी पुन्हा बोलायचं, असं चाललं.

माझ्याशी आई त्या हंगामातही मराठीतच बोलायची. वर्गाशी वडारीत, माझ्याकडं वळली की मराठीत. मी एकदा तिला वडारीत विचारलं, जेवलीस का. ती मराठीत म्हणाली, "जेवले. तू?" मी म्हणाले, जेवले. ते तिथंच राहिलं.

हंगाम संपला. जाळ्या झटकल्या, काड्या काढल्या, माल बंद खोलीत गंधकाच्या धुरीला गेला. शेड उघडी पडली की फार मोठी दिसते. आम्ही पोती गुंडाळून वस्तीवर परत आलो. समाजमंदिराच्या दारात मला वाटलं होतं, आत गेल्यावर पोरं पुन्हा कुजबुजतील. ती ओरडतच आत गेली. पलीकडच्या घरातून एक बाई बघायला आली, काय झालं म्हणून.

त्यानंतर मामा गेले. गेल्या श्रावणात आई गेली. झोपेतच गेली. घर भरलं होतं, रडणाऱ्या बायका होत्या. आईची एक मावसबहीण विजापूरकडून आली होती. ती ओट्यावर बसून मोठ्यानं वडारीत रडली, आईचं सगळं आयुष्य तिनं त्या रडण्यात सांगितलं, दगड, शेड, बाप, मी. मला शब्दन्शब्द कळला. मी चहाचे कप गोळा करत होते. लोक म्हणाले, पोरगी शिकलेली आहे, घट्ट आहे. मला घट्टपणा माहीत नाही. मला काही जाणवत नव्हतं, एवढं मी सांगू शकते. अजूनही कधी जाणवेल असं वाटतं आणि जाणवत नाही. मी सकाळी उठते, वर्गावर जाते, दुपारी येते. आईची खडी वाहायची पाटी भिंतीला टांगलेली आहे, ती मी काढली नाही आणि काढायला हवी असंही वाटत नाही.

परवा नव्या केंद्रप्रमुख बाई आल्या. त्यांनी विचारलं, ही मुलं इतकी ओरडून का बोलतात? मी म्हटलं, सवय आहे. त्या कानावर हात ठेवून हसल्या. त्यांना बाकीचं सांगावं असं मला वाटलं नाही.

यंदाही वर्ग शेडवर गेलाय. आता मीच वडारीत शिकवते. उच्चार मराठी वळणाचा आहे, पोरं चुका काढतात, मी दुरुस्त करून घेते. मला कुणी शाबासकी दिली तर मी घेते, कारण ती आमच्या कष्टाची आहे.

वस्तीवर आता पहिली ते चौथी चार वर्ग आहेत आणि चारही वडारीत चालतात. ज्योती चौथीतून बाहेर पडली, पुढच्या शाळेत मराठीतही नापास झालेली नाही. गेल्या जूनमध्ये तिची धाकटी बहीण पहिलीत आली. पहिल्या दिवशी ती वर्गात शिरली आणि कुठं बसू, असं तिनं मला वडारीत विचारलं. मी विचारलं, तुला कुणी शिकवली ही भाषा? तिला प्रश्नच समजला नाही. घरात ताई बोलते, आई बोलते, म्हणून तिला येते. तिला ती कुणी शिकवलेली नाही.